हातांचा हिशेब

बालाघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसाला कडब्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पाऊस बरा झाला तर ज्वारी घरात येते आणि कडबा अंगणात येतो. पाऊस रुसला तर ज्वारी दुकानातून विकत आणता येते. कडबा मात्र दुकानात मिळत नाही. तो ज्याच्याकडे असेल त्याच्या दारात जावे लागते, आणि त्या वर्षी तो सांगेल तोच शेकड्याचा भाव असतो. म्हणूनच आमच्या बीड जिल्ह्यात घराची ऐपत ओळखायची तर पाहुणा आधी अंगणातल्या गंजीकडे पाहतो, मग घराच्या भिंतींकडे.

२०१९ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात चारा छावण्या शेकड्यांनी उघडल्या होत्या. माणसे घराला कुलूप लावून जनावरांबरोबर छावणीतच मुक्कामाला गेली, आणि कित्येक घरांचा संसार चार महिने उसाच्या वाढ्यांच्या ढिगाशेजारी मांडला गेला. त्यानंतर २०२३ साली पुन्हा पावसाने पाठ फिरवली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस शासनाने राज्यातील ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत आपल्या जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीन तालुके होते. माझी थोरली बहीण धारूर तालुक्यात राहते. पुढे जी हकीकत सांगावयाची आहे, ती तिच्या गोठ्यातील आहे.

आक्काला वैधव्य येऊन अकरा वर्षे झाली. मुलगा पुण्याकडे कारखान्यात नोकरीला. घरी ती आणि तिची सून. अडीच एकर कोरडवाहू जमीन, एक म्हैस, दोन गाई, एक कालवड. म्हशीचे दूध डेअरीला जाते आणि त्यावरच घराचा मीठमिरचीचा खर्च चालतो. त्या हिवाळ्यात गंजीत सहाशे पेंढ्या होत्या, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत त्या पुरवायच्या होत्या.

ज्यांनी जनावरे पाळली आहेत त्यांना ठाऊक असेल की, ज्वारीचे उभे धाट दावणीत टाकले तर जनावर आधी पाला ओरबाडते, मग शेंड्याकडचा कोवळा भाग खाते आणि बुडखा तुडवून टाकते. आक्काने एके दिवशी हा हिशेब मुद्दाम पाहिला. दहा पेंढ्या टाकल्या तर तीन पेंढ्यांइतकी धाटे सकाळी शेणात मिसळलेली सापडत. म्हणजे सहाशेपैकी जवळजवळ दोनशे पेंढ्या उकिरड्यावर जाणार. तोच कडबा बोट-दोन बोटांच्या लांबीचा तोडून दिला तर जनावराला निवडानिवड करता येत नाही आणि बहुतेक सारा पोटात जातो. हे आक्का जाणून होती, म्हणून ती रोज दिवेलागणीपूर्वी विळ्यावर बसून पेंढ्या तोडीत असे. दोन वर्षे तोडल्यावर तिचा उजवा खांदा भरून येऊ लागला. रात्री कूस बदलताना ती कण्हते, असे सुनेने मला सांगितले.

कुट्टीचे यंत्र घ्यावे, असे ठरले ते तेव्हा. आक्काजवळ दुधाच्या पैशांतून बाजूला टाकलेले आठ हजार रुपये होते. दोन अश्वशक्तीच्या मोटारीसह नव्या यंत्राची किंमत दुकानदाराने वीस हजारांच्या पुढे सांगितली. लहान शेतकऱ्यांना आणि महिलांना अशा यंत्रावर शासनाचे निम्मे अनुदान मिळते हे खरे. पण तेथे आधी निवड व्हावी लागते, पूर्ण किंमत पदरची घालून यंत्र घ्यावे लागते आणि अनुदान मागाहून बँकेच्या खात्यात जमा होते. ज्याच्याजवळ वीस हजार नाहीत त्याला दहा हजारांची सवलत दुरूनच पाहावी लागते. शिवाय गंज रोज उतरत होती. तेव्हा जुने यंत्र पाहावे, असा विचार पक्का झाला.

जुन्या यंत्रांचा असा वेगळा बाजार आमच्याकडे नाही. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैल पारखणारे शंभर जाणते भेटतील. दात पाहून वय सांगतील, चाल पाहून खोड सांगतील. पण यंत्राचे दात पाहणारा जाणता तेथे मिळत नाही. जुने यंत्र मिळते ते ऐकीव बातमीवर. अमक्याने म्हशी विकल्या, त्याचे यंत्र पडून आहे. तमक्याने मोठे घेतले, त्याचे लहान निघाले. अशा तीन बातम्या आम्ही गोळा केल्या आणि गावातल्या मोटारी बांधणाऱ्या एका तरुणाला सोबत घेऊन निघालो. आक्का स्वतः आली. यंत्रापुढे रोज तिला उभे राहायचे होते.

पहिले यंत्र केज तालुक्यात एका दूधवाल्याकडे होते. हिरवा रंग ताजा होता, पाती चकाकत होती. आमच्या तरुणाने आधी वीज बंद असल्याची खात्री केली, पट्टा उतरवला आणि चाक हाताने हळूहळू फिरवून पाहिले. चाक फिरताना एका ठिकाणी खरखर होई. मग त्याने आस धरून वर-खाली हलवला. तो बोटभर नसला तरी जाणवण्याइतका हलला. म्हणजे बेअरिंग गेलेले. मोटारीचे झाकण उघडून त्याने आतील गुंडाळी पाहिली. ती पुन्हा बांधलेली होती आणि तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेची होती. अशी मोटार थोड्या वेळात तापते आणि आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब उतरला की लवकर जळते. नव्या रंगाखाली पायाच्या पट्टीवर दोन जागी जोड दिलेला होता. किंमत नऊ हजार. आम्ही चहा घेतला आणि उठलो.

दुसरे यंत्र माजलगावच्या बाजूला होते. विकणारा गृहस्थ बोलका होता. यंत्र कडबा तर तोडतेच, पण तुराट्या आणि पऱ्हाट्याही तोडते, असे तो म्हणाला. हे ऐकून आक्काचे कान टवकारले. तिच्या बांधावर दर वर्षी पऱ्हाटीचा ढीग पडतो. थोडी चुलीत जाते, उरलेली जाळावी लागते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातला कापूस पोखरला, तेव्हापासून कृषी विभाग सांगत आला आहे की पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, बांधावर साठवू नका. अळी त्यांतल्या वाळलेल्या बोंडांत मुक्काम करते. बारीक करून कुजवल्या तर खतही होते. मुंबईतील माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तर पऱ्हाटीच्या भुशापासून फळ्या बनवण्याची रीत विकसित केली आहे. पण ती कामे करणारी यंत्रे निराळ्या जातीची. पऱ्हाटी हे गवत नव्हे, ते लाकूड आहे. ते फोडायला जड पाती लागतात आणि बहुधा ट्रॅक्टरची ताकद लागते. दोन अश्वशक्तीच्या कुट्टी यंत्राच्या तोंडात पऱ्हाटी सारली तर पाते तुटून उडण्याचे भय. त्या यंत्राची पाती पाहिली तर दोन्हींच्या धारेला दाते पडले होते, आणि पाते ज्या स्थिर पट्टीवर घासून कडबा तोडते ती पट्टीही झिजली होती. पऱ्हाटी त्याने खरोखरच घातली होती, एवढे सिद्ध झाले. वरचे झाकण नव्हते. विचारले तेव्हा तो म्हणाला, "त्याचा काय उपयोग? उगीच काढ-घाल करावी लागते." तेही सोडले.

तिसरी बातमी धारूर तालुक्यातलीच होती. घाटाच्या उतारावर एका वस्तीवर आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. गोठा नीटनेटका होता. यंत्र एका कोपऱ्यात पोत्याने झाकून ठेवले होते. पोते काढले तर धूळ होती, पण गंज फारसा नव्हता. चाक आवाज न करता फिरले. मोटार मूळचीच होती आणि घरच्या एकेरी विजेवर चालणारी होती. हा मुद्दा लहान वाटतो, पण शेतीची वीज पाळीपाळीने आणि पुष्कळदा रात्री येते. कडबा दिवसाउजेडी तोडायचा तर यंत्र घरच्या विजेवरच चालले पाहिजे. दोष दोन होते. एका बाजूच्या बेअरिंगला आवाज होता, आणि रूळ उलटे फिरवण्याचा जो दांडा असतो तो निखळलेला होता. पात्यांवरचे झाकण येथेही नव्हते. किंमत साडेपाच हजार सांगितली.

इतके बरे यंत्र इतक्या कमी किमतीत का विकता, असे आमच्या तरुणाने विचारले. मालक काही बोलला नाही. खाली पाहत राहिला. तेवढ्यात घरातून त्याची पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या तिने डाव्या हाताने पुढे केला. उजवा हात पदराखाली होता. आक्काने तांब्या घेतला आणि तो हात पाहिला. मनगटापुढे काही नव्हते.

"यातच का, माय?" आक्काने विचारले.

"यातच." ती बाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि तिने सारे सांगितले. सांगताना ती रडली नाही. एखाद्या नवशिक्याला रीत समजावून सांगावी तसे सांगत होती. "दिवेलागणीची येळ व्हती. ओली मका व्हती. ओली वैरण निसटती बगा, रूळ तिला धरीत न्हाई. शेवटची मूठ आत जाईना म्हणून हातानं ढकलली. रुळानं मका धरली आन् मकेसंगं बोटं धरली. हे कळ बंद करायला पळाले, पर कळ दाराजवळ व्हती. आन् कळ बंद केली तरी चाक लगेच थांबत न्हाई."

"झाकण नव्हतं?"

"व्हतं की. चार दिवस आधी आत कुट्टी अडकली म्हणून काढलं. परत लावायचं राहिलं."

मग मालक पहिल्यांदा बोलला. "विकतोय ते यासाठी. गोठ्यात जाता-येता हिला ते दिसतं."

थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. आता येथून निघावे, असे मला वाटले. ज्या यंत्राने एका बाईचा हात नेला ते आपल्या बहिणीच्या गोठ्यात न्यायचे, ही कल्पनाच मनाला सोसत नव्हती. आक्का मात्र उठून यंत्राजवळ गेली. जेथे कडबा सारायचा त्या पत्र्याच्या पन्हळीपुढे ती उभी राहिली आणि तिने हात लांब केला. पन्हळ इतकी आखूड होती की तिची बोटे सहज रुळांना टेकली. तिने हात मागे घेतला आणि आमच्या तरुणाला विचारले, "ही पन्हळ लांब करता येईल का? माझा हात पुरणार न्हाई इतकी?"

"येईल की, आक्का. त्याला काय लागतं? पत्रा आणि वेल्डिंग."

"मग घेऊ."

किमतीची घासाघीस फारशी झाली नाही. बेअरिंग दाखवून तरुणाने तीनशे रुपये कमी करून घेतले. तो आणखी बोलू लागला तेव्हा आक्काने त्याला नजरेने थांबवले. ५,२०० रुपये तिने त्या बाईच्या डाव्या हातात मोजून दिले. यंत्र टेम्पोत चढत असताना ती बाई गोठ्यामागे गेली आणि वैरणीच्या ढिगाआडून एक वाकलेला पत्रा ओढत घेऊन आली. ते काढून ठेवलेले झाकण होते. "हे घेऊन जा," ती म्हणाली, "आन् हे बसवल्याबिगर कळ दाबू नका."

पुढचा हिशेब असा. टेम्पोचे ५०० रुपये. नवे बेअरिंग आणि पात्यांना धार लावणे यांचे ६००. वेल्डिंगवाल्याने आक्काचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत फीतीने मोजला. तो २६ इंच भरला. त्याने पन्हळ तीन फुटांची केली आणि रुळांकडची अर्धी पन्हळ वरून पत्र्याने बंद केली, म्हणजे कडबा आत जाईल पण हात जाणार नाही. जुने झाकण ठोकून सरळ केले आणि असे बसवले की ते काढायला पाना लागावा. पट्ट्यावर जाळी घातली, उलट्या गतीचा दांडा जोडला. या साऱ्याचे १,३००. बटण दारापासून काढून उभ्या माणसाच्या हाताशी आणले आणि यंत्राला जमिनीची तार जोडली, त्याचे ३५०. एकूण ७,९५० रुपये. आठ हजारांतले ५० रुपये उरले, त्यांचे पेढे आणून आक्काने गल्लीत वाटले.

या व्यवहारात मला जे दिसले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. जुनी वस्तू स्वस्त मिळते ती झिजलेली असते म्हणून, असे आपण समजतो. पण यंत्राच्या बाबतीत झीज फारशी घातक नसते. ती आवाज करते, दिसते, आणि पाचशे-सहाशेत दुरुस्त होते. घातक असते ती यंत्रावरून काढून टाकलेली गोष्ट. झाकण, जाळी, उलट्या गतीचा दांडा यांनी कडबा अधिक तुटत नाही, म्हणून ती सर्वांत आधी निघतात आणि सर्वांत शेवटी आठवतात. आपण पाहिलेल्या दोन यंत्रांवर झाकण नव्हते आणि दोन्ही मालक ते नसण्याविषयी सहजपणे बोलले असते, जर त्यांतील एकाच्या घरी ती संध्याकाळ आली नसती.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. उत्तरेकडील गव्हाच्या मुलखात मळणी यंत्रांनी शेतमजुरांचे हात नेले, तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. भारतीय मानक ब्युरोने विजेवरच्या कुट्टी यंत्राच्या सुरक्षिततेसाठीही मानक ठरवून दिले आहे. हे सारे नवे यंत्र बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला लागू पडते. पण तेच यंत्र एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाते, तेव्हा तेथे कोणी तपासनीस उभा नसतो. घेणाऱ्यानेच तपासनीस व्हायचे असते.

आणि हात गेल्यावर काय? आपल्याच जिल्ह्यातील परळीच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्यात शेतकरी अपघाताची योजना आहे. २०२३ पासून ती विम्याऐवजी सानुग्रह अनुदान म्हणून चालते. तिच्यात एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये आणि दोन निकामी झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. सातबारावर ज्यांचे नाव नाही अशा घरातील आणखी एका व्यक्तीलाही आता तिचा लाभ मिळतो, ही गोष्ट स्त्रियांच्या दृष्टीने मोठीच म्हटली पाहिजे. कारण जमीन नवऱ्याच्या नावावर असली तरी कुट्टी यंत्रापुढे बहुधा बायकोच उभी असते. योजना चांगली आहे आणि ती प्रत्येक घराला ठाऊक असावी. तरीही एका हाताची किंमत एक लाख हा आकडा वाचताना मला त्या बाईने डाव्या हातात घेतलेल्या नोटा आठवतात. त्या तिला मोजता येत नव्हत्या. आक्कानेच पुन्हा मोजून दाखवल्या.

१,३०० रुपयांत जे बसले ते तेथे आधीच असते, तर त्या घरचे यंत्र विकायला निघाले नसते. थोड्या पैशांत वस्तू घेणाऱ्याला सर्वांत मोठा मोह होतो तो हाच की, वस्तू घेऊन पैसे संपवावेत आणि झाकण पुढच्या दिवाळीला पाहावे. आक्काने उलट केले. तिने आठ हजारांतून झाकणाचे पैसे आधी बाजूला काढले आणि उरलेल्या पैशांत जे यंत्र बसेल ते घेतले. गरिबाला निष्काळजीपणा परवडत नाही, असे ती म्हणाली नाही. ती असे काही बोलत नसते. तिने फक्त हात लांब करून पाहिला.

आता तिच्या गोठ्यात रोज अर्धा तास यंत्र चालते. वीज दिवसाला युनिटभर जळते. दावणीत धाटे उरत नाहीत, आणि त्या वर्षी सहाशे पेंढ्या मृगाचा पाऊस पडेपर्यंत पुरल्या. खांदाही बराच उतरला आहे. गल्लीतल्या बायका आपला कडबा डोक्यावर घेऊन येतात आणि आक्का तो तोडून देते. त्याबद्दल कोणी दूध देते, कोणी शेण्या थापू लागते. मात्र तिच्या गोठ्याचे नियम कडक आहेत. पदर कमरेला खोचल्याशिवाय आणि बांगड्या वर सारल्याशिवाय कोणी पन्हळीपुढे उभे राहायचे नाही. लहान पोराने उंबरा ओलांडायचा नाही. ओली वैरण असेल तर तिच्यात कोरडा कडबा मिसळायचा, आणि शेवटची मूठ हाताने न ढकलता पुढच्या पेंढीने ढकलायची. पुढची पेंढी नसेल तर ती मूठ तशीच जनावरापुढे टाकायची. दिवा लागला की बटण बंद.

मागच्या महिन्यात शेजारची नवी सून कडबा घेऊन आली होती. ओढणी गळ्यात सैल होती. आक्काने यंत्र सुरू केले नाही. तिने त्या पोरीला जवळ बोलावून ओढणी तिच्या कमरेला दोनदा गुंडाळून गाठ मारली, गाठ ओढून पाहिली, आणि मगच बटणाला हात लावला.